फोन किती वाजता आला

९ नोव्हेंबर, बोरगाव मेघे
पाच दिवस रजा. गच्चीवर चादर फुगली की शीड वाटतं. आईला माझं काम पुन्हा सांगितलं: समुद्रात संशयित बोट दिसली की तटरक्षक, पोलीस, मत्स्य खातं, बंदर, सगळ्यांना ताबडतोब कळवायचं.
"म्हंजे निरोप पोचवाचं काम! त्यासाठी एवढी शिकली?"
हसले. पण जेवण गेलं नाही.

१० नोव्हें.
पहाटे स्वप्नात गेल्या आठवड्यातली ती बोट कपाशीच्या ओळींतून सरकत आली. दिवे नाहीत. बोट चालवणारा तांडेल नुसता बघत उभा.
लिहूनच टाकते. इंजिन बंद पडून बोट वाहत होती. तांडेलने मत्स्य खात्याला कळवलं, त्यांनी मला फोन केला: आपलीच बोट आहे, संशय नको. मी म्हटलं, लेखी पाठवा. तोंडी निरोप पुढे द्यायचा नाही, हा माझा कडक नेम. त्यांचा मेल येईपर्यंत पोलिसांनी बोट संशयित म्हणून ताब्यात घेतलेली. आता ठपका तांडेलवर, की वेळेत कळवलं नाही. बोट जप्त.

११ नोव्हें.
साहेबांचा फोन. "अहवालात निरोप मिळाल्याची वेळ म्हणून मेलची टाका. फोनची नोंद कुठे आहे?"
माझ्या वहीत.
"ती सरकारी आहे का?"
नाही.
दिवसभर ऊन पाण्यासारखं हलत होतं. की माझेच डोळे.

१२ नोव्हें.
बाबांनी मला दुसरीपर्यंत घरीच शिकवलं. खोडरबर कधी दिलं नाही. चुकलं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आज ते सोयाबीन पाखडत होते. सगळं सांगितलं, अहवालात काय लिहू विचारलं.
"नोकरी जाईन काय?"
"माहीत नाही."
"अन् त्या मानसाची बोट?"
"हंगाम जाईल त्याचा."
सूप थांबलं. "मंग मले काऊन इचारून राह्यली?"

१३ नोव्हें.
सकाळी अहवाल पाठवला. फोन ५.१०, मेल ६.४५. मधला उशीर माझा, असं लिहिलं. वहीच्या पानाचा फोटो जोडला.
साहेबांकडून काही नाही.
दुपारी अनोळखी नंबर. तांडेलची बायको. मत्स्य खात्यातून नंबर मिळाला म्हणाली. मी तिची बोलणी खायच्या तयारीत होते. ती रागावली नाही.
"म्याडम, आमची बोट कधी सुटंल?"
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. तिने फोन ठेवला नाही, मीही नाही; वही उघडून फोनची वेळ लिहिली.