टिपाडांसकट विकलं घर

प्रिय आत्याबाई,

घर विकलं! परवा सौदा पक्का झाला, उद्या चावी द्यायची आहे. पै-पाहुण्यांना मी फोनवरून कळवलं, शेजारच्या कुसुमकाकूंना भिंतीवरून ओरडून सांगितलं. तुम्हाला तिकडं वर कुठून ओरडून सांगणार? आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ह्या घरातलं पातेलंसुद्धा मी कधी मोडीत काढलं नाही, घर कसं काढू? म्हणून रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे लिहायला बसले आहे.

रागावू नका. आधी ऐकून तरी घ्या.

तुमच्या लाडक्या नातीला, पल्लवीला मुलगी झाली. पणजी झालात तुम्ही! नगरला ती आणि जावई दोघंही नोकरीला जातात. तिची रजा संपत आली, लेकराला बघायला घरात कुणी नाही. "मम्मी, तू आली नाहीस तर मला नोकरी सोडावी लागंल," म्हणाली आणि फोनवरच रडली. तुमचे चिरंजीव शाळेतून रिटायर झालेच होते. तिच्याच गल्लीत आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळत होतं, पण पाटोद्याचं हे घर गेल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. नगरचा मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. आणि आपलं घर काही केल्या जाईना.

बघायला लोक यायचे. पुढची खोली बघून माना डोलवायचे, देवघर बघून हात जोडायचे. न्हाणीचं दार उघडलं की मात्र तोंड फिरवायचे. एक बाई तर नाकाला पदर लावून बाहेर आली. आता खरं सांगा आत्या, त्यांचं काय चुकलं? फरशीवर साबणाचा थर, भिंतीला बंबाची काजळी, खिळ्याला तुमची शिकेकाईची पिशवी, खिडकीत पाय घासायच्या तीन वजऱ्या. आणि कोपऱ्यात पाण्याची ती दोन निळी टिपाडं, छातीएवढी पिंपंच, त्यांच्या भोवती हंडे, कळश्या, दुधाचे जुने कॅन, सगळे काठोकाठ भरलेले. मधे माणसाला अंघोळीला जागा उरायची ती पाट टेकण्याएवढी!

पल्लवीनं व्हिडिओ कॉलवर न्हाणी बघितली आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, लोक बाथरूम बघून घर घेतात. सगळं बाहेर काढ. हॉटेलसारखं मोकळं दिसलं पाहिजे." मी कंबर कसली. ॲसिड टाकून फरशी घासली, काजळीवर पांढरा रंग मारून घेतला, नवा आरसा लावला. दांडीवर पांढराशुभ्र टॉवेल, त्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही. खिडकीत बाटलीत मनीप्लांट. वजऱ्या गेल्या, शिकेकाई गेली, बंब माळ्यावर गेला. आणि टिपाडं परसात नेऊन पालथी घातली.

ती पालथी घालताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळा जन्म मी त्या टिपाडांची चाकरी केली. नळ आठवड्यातून एकदा येणार, कधी दहा दिवसांनी, आणि तो येणार म्हणून लग्नकार्य सोडून मी घरी थांबायचे. लग्नाआधी माझी आई म्हणाली होती, सासूला आत्याच म्हणायचं असतं, म्हणजे निम्मी भीती जाते. कुठली जाते! पहिल्याच दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले आणि तुम्ही तडक आत गेलात. बोटाच्या पेरानं टिपाडावर टक टक करत वरून खाली आलात. जिथं पोकळ आवाज बसका झाला तिथं थांबलात. "दोन बादल्या घेतल्यास व्हय गं?" सगळ्या पाहुण्यांसमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. असं कुणी नव्या सुनेला विचारतं का?

तर, न्हाणी सजली. मग युसूफ वडगाव ह्या गावाकडचं एक जोडपं आलं. त्याची बँकेत इकडं बदली झालेली, ती मंगल, बोलायला चुरचुरीत. त्यांना सगळं घर आवडलं. शेवटी मी मोठ्या ऐटीत न्हाणीचं दार उघडलं. मंगल आत गेली. टॉवेलकडं बघितलं नाही, आरशाकडं बघितलं नाही. कोपऱ्यात फरशीवर दोन गोल डाग होते, ॲसिडलाही न जुमानलेले, त्यांच्याकडं बघत राहिली.

"काकू, इथली टिपाडं कुठं गेली?"

पल्लवीनं पढवून ठेवलं होतं, तसं मी हसून म्हणाले, "आता लागत नाहीत फारशी."

"लागत न्हाईत? पाटोद्यात? कावून बरं?"

मी उगाच मनीप्लांटची बाटली सरळ केली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं तिच्याकडं. चहा निम्मा ठेवून दोघं उठले. फाटकाशी तो बायकोला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलंच, "भरायलाच पानी न्हाई ह्यांच्यात. म्हनून झाकायलेत."

तुमचे चिरंजीव माझ्यावर असे तापले की विचारू नका. "सगळ्या गावाला म्हाईत हाय नळ कवा येतो ते! हॉटेल करायलीस व्हय?" मी न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. पल्लवीची नोकरी माझ्या पांढऱ्या टॉवेलापायी जाणार, असंच वाटायला लागलं. डोळे पुसायलासुद्धा त्या टॉवेलाला हात लावला नाही, हेही सांगते. आत हाक मारली तर आवाज घुमत होता. इतकी रिकामी न्हाणी मी ह्या घरात कधी बघितली नव्हती. मला ती बघवेना.

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी पदर खोचला, परसातली टिपाडं गडगडत आत आणली आणि त्यांच्या त्यांच्या डागांवर उभी केली. पाइप लावला. हंडे, कळश्या, कॅन, एकूण एक भरलं. मग मंगलला फोन केला. "ताई, आज नळ आलाय. आत्ता येऊन बघा, मग काय ते ठरवा."

ती आली. न्हाणीत शिरली आणि पहिली गोष्ट काय केली असेल? बोट वाकवलं आणि टिपाडावर वरून खाली टक टक करत आली! अगदी तुमच्यासारखी, कान तिरका करून. मी तर बोलून गेले असते, की आत्या, आज मी अंघोळच केली नाही.

"वरपतूर भरलंय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "आसं दावायचं ना काकू पयल्यांदाच! आमी काय टॉवेल बघायला आलतो? घर लई आवडलंय. फकस्त ही दोन्ही टिपाडं हितंच ऱ्हाऊ द्या."

आणि गंमत बघा, ज्या टिपाडांना मी जन्मभर शिव्या घातल्या, ती देताना मी त्यांच्या काठावरून हात फिरवत राहिले. मला पल्लवीच्या वेळचं बाळंतपण आठवलं. तो उन्हाळा तुम्हालाच ठाऊक. तुम्ही एका टिपाडाला झाकण घालून वर पाटा ठेवला होता. कुणी हात लावला तर म्हणायचात, "ते बाळंतिणीचं हाय." मला रोज दोन बादल्या कढत पाणी, आणि तुम्ही तांब्याभर पाण्यात पदर पिळून अंग पुसायचात. मला ते दिसत होतं. तेव्हा तुम्ही एकदाही टिपाड वाजवून बघितलं नाहीत. निदान तेव्हा तरी तोंडानं दोन शब्द गोड बोलायचे होते की नाही?

"ऱ्हाऊ द्या" म्हणाले मी मंगलला. दिली दोन्ही.

आता फार हलकं वाटतंय, आत्या. सुटले एकदाची! नगरच्या मालकाला निरोप गेला, पल्लवीनं साहेबांना कळवलं की रजा संपली की येते. आज दुपारी कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली. घर परक्यात गेलं असं तुम्ही मनात आणू नका. तुमच्या न्हाणीत तुमच्यासारखीच एक खडूस बाई नांदायला येते आहे.

नगरच्या घरात नळ रोज येतो म्हणे, दोन्ही वेळा. तरी मी तुम्हाला शब्द देते: न्हाणीत एक बादली कायम भरलेली राहील. आणि तुमची पणती उभी राहायला लागली की तिचं बोट धरून त्या बादलीवर टक टक करायला शिकवीन. पाणी कुठवर आहे, ते तिनं मला सांगायचं.

तुमची,
अजूनही एकाच बादलीत अंघोळ उरकणारी सून,
रेखा

ता. क. तो पांढरा टॉवेल मी काल वापरला. एवढा काही मऊ नव्हता.