सासूबाईंना भेट दिलेली जाड तार

तीर्थरूप धर्मबाबा ऑरेलियान आणि सौ. धर्ममाई विओरिका, कास्तेयोन मुक्कामी, दोघांच्या पायांवर पेत्रोशानच्या ग्रिगोरेचं डोकं.

धर्मबाबा, तुमची कंबर आता कशी आहे? संत्र्यांच्या पेट्या उचलायचं काम त्या पोरसवदा लोकांवर सोपवलंत की अजून स्वतःच पुढे धावता? धर्ममाईंनी मीठ कमी केलं का? इकडे सगळे खुशाल आहेत. स्मारान्दा खुशाल, सासूबाई तर फारच खुशाल, आणि माझं म्हणाल तर मी या क्षणी न्हाणीघराची कडी लावून, कपडे धुवायच्या यंत्रावर कागद ठेवून हे लिहितोय, यावरून काय ते समजा. फोनच केला असता, पण आमच्या घराच्या भिंती कसल्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे (पलीकडच्या बाईंना शिंक आली तर सासूबाई इकडून 'शतायुषी हो' म्हणतात), शिवाय फोनवर तुम्ही एकदा हसायला लागलात की पुढचं काही ऐकून घेत नाही. म्हणून पत्र. नेलूची गाडी उद्या स्पेनला निघते, तिच्यातून हे येईल. सोबत आलूबुखाराची घरची दारू आहे आणि सासूबाईंनी धुरावलेलं डुकराचं मांस. मांस धर्ममाईंना दाखवायच्या आधी थोडं बाजूला काढून ठेवा.

तर मुद्दा आपल्या 'बोलोवान'चा. धोंड्यासारखं जड वाजायचं म्हणून बँडला धोंडा हेच नाव तुम्ही ठेवलंत आणि स्पेनला गेलात, पण या हिवाळ्यात धोंडा आणखी खाली गडगडला. झालं काय, की होरात्सिउने एके दिवशी गिटार खाली ठेवली आणि गंभीर चेहरा करून सांगितलं की आता जगभर सगळे खालच्या सुरात उतरतायत, आपणही उतरायला हवं, कलेची ती मागणी आहे. (खरी गोष्ट अशी की पंचेचाळिशीनंतर त्याचा आवाज वर चढत नाही. वरची पट्टी लावायला गेला की तबेल्याचं दार उघडल्यासारखं वाटतं. पण हे त्याला सांगणार कोण? मी नाही सांगितलं, लाउरेन्त्सिउ तर ड्रमवाला, त्याला ऐकूच येत नाही.) उतरलो. गिटारीचं काय, दोन पीळ सैल केले की झालं. पण माझ्या बेस गिटारचं तसं नाही हे मी तुम्हाला काय सांगावं! तारा इतक्या सैल पडल्या की सगळ्यांत जाड तार छेडली तर सूर निघायच्या ऐवजी ती लाकडावर फटफट आपटायची. दोन गाणी झाल्यावर लाउरेन्त्सिउ कौतुकाने म्हणाला, "ग्रीग, तुझी तार माझ्यापेक्षा चांगला ताल धरते रे." होरात्सिउ मात्र हसला नाही. महिनोन्महिने त्याने ऐकून घेतलं आणि परवा म्हणाला, "पुढच्या शनिवारी संस्कृतीभवनात कार्यक्रम आहे. तोपर्यंत हे फटफटणं थांबलं नाही तर मी रझवानला बोलावतो. त्याच्याकडे पाच तारांचा बेस आहे." रझवानकडे पाच तारा आहेत आणि गाणं एकही येत नाही, पण माणूस हौसेला पेटला की असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतं!

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, मी फेब्रुवारीत संत्र्यांबरोबर तारांचा संच पाठवला होता त्याचं काय केलंस? तेच सांगतोय, रागावू नका. संच पोचला. उघडला. आत पाच तारा! आपल्या बेसला खुंट्या चार. माझ्या लग्नात तुम्हीच तो माझ्या गळ्यात घातलात, तेव्हा त्याला खुंट्या किती हे तुम्ही विसरणं शक्य नाही, आणि तरी मला वाटलं की धर्मबाबांचं वय झालं, मोजताना चुकलं असेल. दुसरा कोणी असता तर मी फोन करून विचारलं असतं. पण ज्यांनी आपलं लग्न लावून दिलं, वेदीपाशी मेणबत्ती धरून उभे राहिले, त्यांना 'तुम्हाला चारापर्यंत मोजता येत नाही का?' असं विचारायचं? माझी आई थडग्यातून उठून मला हाणेल! तेव्हा तुमचा मान राखायचा म्हणून मी गप्प बसलो, नेहमीच्या जाडीच्या चार तारा बसवल्या, आणि पाचवी, ती सगळ्यांत जाडजूड, जी वरच्या हाडाच्या पट्टीच्या खाचेतही जाईना, ती 'चुकून आलेली' म्हणून बाजूला ठेवली. तुमचा हिशोब बरोबर होता हे मला नंतर कळलं. सगळ्यांत बारीक तार टाकून द्यायची, जाड चार ठेवायच्या, प्रत्येक एकेक घर सरकवायची आणि मग हवं तेवढं खाली उतरायचं, तरी तारा ताठ! मी नेमकी उलट बाजूची टाकली. इथवर ठीक आहे, चूक कोणाचीही होते. पण त्या टाकलेल्या तारेचं पुढे मी जे केलं ते माझ्याशिवाय कोणी करणार नाही.

आठ मार्च, बायकांचा दिवस, उजाडला. गल्लीतला प्रत्येक जावई सासूला फुलं घेऊन चाललेला आणि मी साफ विसरलेलो. फुलांच्या दुकानात फक्त एक कोमेजलेला हायसिंथ आणि एक प्लास्टिकचा. मी घरी येऊन इकडेतिकडे बघतो तर समोर ती तार, नवीकोरी, चकचकीत, टोकाला पितळी मणी. वेटोळं केलं, स्मारान्दाच्या पेटीतली लाल रिबन बांधली आणि सासूबाईंपुढे धरून म्हणालो की मामालिगा कापायला खास स्पेनहून मागवलीय, तिकडे आता सगळ्या बायका हीच वापरतात. (धर्ममाई, माफ करा.) आमच्या सासूबाई पारास्किवा, ज्यांनी गेली अनेक वर्षं माझ्याकडे घरात शिरलेल्या पावसाच्या पाण्यासारखं पाहिलंय, त्यांचे डोळे भरून आले हो! त्या दिवसापासून मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा पाटावर उलटला की साधा दोरा बाद. मणी एका बोटात, दुसरं टोक लाकडी चमच्याला गुंडाळलेलं, आणि सर्रकन् काप. काप कसले, विटाच पडतात. रोज रात्री दातांच्या ब्रशने तारेच्या पेचांतले मक्याचे कण काढतात. (ब्रश माझा आहे हे मला एप्रिलमध्ये कळलं.) शेजारणी उसनी मागायला येतात, त्यांना मिळत नाही.

इकडे माझा फटफटाट चालूच. लाउरेन्त्सिउने सल्ला दिला, तारा उकळ. जुन्या तारा उकळल्या की मळ सुटतो आणि आवाज खुलतो, हे बेसवाले करतातच, पण माझ्या तारा नव्या. तर म्हणे, "अंडं उकळलं की घट्ट होतं की नाही?" आणि धर्मबाबा, मला हे पटलं! काल संध्याकाळी सासूबाई चर्चमध्ये आहेत असं बघून त्यांच्या बिडाच्या कढईत चारही तारा उकळत ठेवल्या आणि पाणी गरम होईपर्यंत म्हणून बाल्कनीत गेलो. सासूबाई लवकर आल्या. चुलीवर कढई, कढईत उकळी, वर वाफेचा लोट. त्यांना वाटलं लेकीने, स्मारान्दाने, आधण ठेवलंय. ओतलं पीठ, घेतलं दांडकं, लागल्या ढवळायला. मी आत आलो तेव्हा त्या घाम पुसत म्हणत होत्या, "यंदा मका फार चिवट निघालाय." तेवढ्यात दारावर होरात्सिउ. मला रझवानबद्दल शेवटचं सांगायला आला होता, पण आमच्याकडे दारात आलेल्याला न जेवता पाठवत नाहीत, म्हणून बसवला. पहिल्याच घासाला त्याने तोंडातून हातभर तार ओढून काढली. ओढतोय, ओढतोय, संपेना. स्मारान्दा हसता हसता खुर्चीवरून खाली. सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या, "जावईबापू, मला विष घालायचं असेल तर सरळ घाला, घरातलं लोखंड कशाला वाया घालवता?" आणि रागाच्या भरात त्यांनी उरलेला गोळा कापायला आपली लाडकी तार ताणून धरली.

होरात्सिउने ती पाहिली. घास तसाच गालात ठेवून त्याने बोटाने तिला टिचकी मारली. धर्मबाबा, काय सूर निघाला म्हणून सांगू! सासूबाईंच्या बोटातून निघून टेबलाच्या लाकडात घुमला, ताटातले चमचे खुळखुळले. तो म्हणाला, "हीच ती. ही शुक्रवारच्या तालमीला लावून आण, रझवानला मी नाही सांगतो." मी हात पुढे केला. सासूबाईंनी तार पदराआड, म्हणजे एप्रनच्या खिशात घातली. "आठ मार्चला दिलेलं परत मागता? अख्ख्या गल्लीला दाखवून झालंय माझं!" देवाशपथ खरं सांगतो, मला त्यांच्यापुढे मान वर करवेना.

देवाच्या दुकानात फक्त नेहमीची जाडी मिळते (देवा हे आपलं जिल्ह्याचं गाव, देवाधर्माशी संबंध नाही). इंटरनेटवर म्हणतात तीन आठवडे. आणि रात्रभर माझ्या डोक्यात एकच चाललंय. पाणीपुरवठ्यात मी पाइप बदलतो, ते कोणीही बदलेल. पण 'बोलोवान'मधली ती डाव्या बाजूची जागा तुमची होती, तुम्ही ती मला दिलीत, आणि ती रझवानला गेली तर मला फार लागेल. एवढंच. बाकी काही मागणं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कंबरेला लोकरीचा पट्टा बांधत जा. धर्ममाईंच्या हाताला मुका.

तुमचा,
ग्रिगोरे

ता. क. मागणं नाही म्हणालो, पण एक बारीकसं आहे. रविवारी प्रार्थनेनंतर सासूबाईंना फोन करा आणि ती तार तुम्हीच मागून घ्या. धर्मबाबांना नाही म्हणणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. शुक्रवारच्या तालमीचं मी काहीतरी खोटं सांगून निभावतो. मी पत्र लिहिलंय हे मात्र सांगू नका. आवाज थोडा जड काढा.

ता. क. दुसरा. फोन करू नका! तारेची नेमकी जाडी तुम्हाला कळवावी म्हणून आत्ता संचाचं रिकामं पाकीट काढायला बेसची पेटी उघडली, तर आत ती तार. धुतलेली, पुसलेली, नीट वेटोळं केलेली, आणि वर तीच आठ मार्चची लाल रिबन, फुलाची गाठसुद्धा माझ्यापेक्षा चांगली बांधलेली. स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना काही म्हणायला गेलो, तर त्या मागे वळून न बघता म्हणाल्या, "मी कशाला ठेवू? मांजराने ठेवली असेल." आमच्याकडे मांजर नाही. मी कानशीने हाडाच्या पट्टीतली खाच जरा रुंदावली, तार चढवली, मामालिगातून काढून धुतलेल्या तारांपैकी बारीक टाकून बाकीच्या तीन एकेक घर सरकवून बसवल्या, उतरवलं खाली. ताठ! एकदा छेडली आणि पेचात राहिलेला मक्याचा एक कण उडून माझ्या नाकावर बसला. भिंतीपलीकडून हाक आली, "वाजवून झालं असेल तर जेवायला या, कोरडा दोरा दोनदा तुटलाय माझा."

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. तिकडच्या दुकानात तशीच एक सुटी जाड तार मिळाली तर नेलूच्या पुढच्या गाडीने पाठवा. पितळी मणी असलेलीच हवी. माझ्यासाठी नव्हे, पारास्किवाबाईंसाठी. रिबन नको, ती माझ्याकडे आहे.