लाल अक्षरांच्या खुर्च्या

सिस्टर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, कारण तुम्ही आधी माझ्या अक्षराला नावं ठेवली असती. दौंडच्या त्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून कंत्राटावर लागले, म्हणजे एचआयव्हीच्या लोकांशी बोलायचं काम. तुम्ही तिथल्या मुख्य सिस्टर. शिरूरहून बदली होऊन आलेल्या, त्यामुळे दौंडच्या प्रत्येक गोष्टीत तुम्हाला खोट दिसायची. पाणी चांगलं ते शिरूरचं, भाकरी चांगली ती तिकडच्याच कवठ्याची, आणि "माणसं मातुर दोन्हीकडं सारखीच येडी." पहिल्याच दिवशी मी एका बाईशी कुजबुजत बोलत होते. तुम्ही पडदा सरकवून म्हणालात, "आगं, आजार झालाय तिला, चोरी न्हाई केली. नीट बोल." मी घाबरून इतकं नीट बोलले की बाहेरच्या रांगेला सगळं ऐकू गेलं, आणि मग त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली.

त्या काळी आपल्याकडे एका माणसाचे तीन भाग केलेले होते. रक्ताची तपासणी आणि मी मागच्या खोलीत, मंगळवारी. क्षयरोगाच्या गोळ्या पुढच्या इमारतीत, दिवसाआड. एचआयव्हीच्या गोळ्या पुण्याला, आणि तिथला वार तिसराच. वरवंडच्या टेम्पोवाल्या मामांना दोन्ही आजार होते. ते म्हणायचे, "बाई, शरीर एकच हाय माझं. वार कशापायी एवढं?" प्रत्येक वारी टेम्पो उभा ठेवून यायला लागायचं, म्हणून हळूहळू त्यांचं येणंच कमी झालं. गोळ्या अर्ध्यावर सोडलेली माणसं पुढे कशी येतात, आणि मग कशी येत नाहीत, ते आपण दोघींनी पाहिलं होतं. एकच वार आणि एकच खोली करा, हे सांगायला तुम्ही दवाखान्याच्या साहेबांकडे गेलात. साहेब म्हणाले, क्षयरोगाचा निधी वेगळा, एड्सचा वेगळा, एकाचं बाकडं दुसऱ्याला चालत नाही. तुम्ही विचारलंत, "जंतूंना कुणी सांगितलंय का हे?" साहेबांनी फाइल उघडली आणि ती वाचत बसले.

मग तुम्ही माझ्याकडून एका देणगी देणाऱ्या संस्थेला पैशांसाठी अर्ज लिहून घेतलात. चार वेळा फाडायला लावलात, पाचव्यांदा पाकीट स्वतः चिकटवलंत. संस्था सावध निघाली. आधी दहा खुर्च्या देतो, लोक वापरतात का ते येऊन बघतो, मग पुढचं ठरवू. अट एकच, प्रत्येक वस्तूच्या पाठीवर कार्यक्रमाचं नाव हवं. मी कागदावर 'एड्स नियंत्रण कार्यक्रम' असं लिहून खुर्च्या पेंटरकडे पाठवल्या. तो ट्रकच्या मागे अक्षरं काढणारा. खुर्च्या परत आल्या त्या पाठीवर हातभर लाल 'एड्स' घेऊन, अक्षरांना पिवळी सावली आणि दोन्ही कोपऱ्यांत गुलाबाचं फूल. "बाकीचं मावत न्हवतं," तो म्हणाला, "म्हनून गावलं तेवढं ठसठशीत लिव्हलं. फुलाचं पैसं नगं."

त्या खुर्चीत कुणी बसलं असतं तर मागच्या रांगेला वाटलं असतं, त्याच्याच पाठीवर लिहिलंय. अर्थात कुणी बसलंच नाही. धाप लागलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहायची. मामा एकदा आले, खुर्च्यांकडे बघितलं आणि दारातूनच परत गेले ते दोन आठवडे फिरकले नाहीत. रंग पुसावा तर संस्थेचं पुढचं सगळं बुडणार, ठेवावा तर माणसं बुडणार. मी तुमच्यापुढे रडले. तुम्ही म्हणालात, "रडू नगं, रुमाल बी दवाखान्याचाच हाय."

संस्थेचे तीन साहेब जीपमधून आले त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातलं प्रत्येक साधं बाकडं, स्टूल, सगळं उचलून कोठीत कोंडलं होतं. खोलीत फक्त त्या दहा खुर्च्या. मामांनाही तुम्ही निरोप धाडला होता, एकदाच या, परत बोलावणार न्हाई म्हणून, आणि ते दाराशी येऊन थांबले होते. "बसा साहेब," तुम्ही म्हणालात. पहिले साहेब म्हणाले, पुण्यापासून बसूनच आलोय. दुसऱ्यांना डॉक्टरांनी पाठीसाठी उभं राहायला सांगितलं होतं. तिसरे माझं भिंतीवरचं पोस्टर वाचू लागले: स्पर्शानं, एकत्र बसण्यानं हा आजार होत नाही. फार सावकाश वाचत होते. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून एका खुर्चीत बसलात. मग मामा आत आले, तुमच्या समोरच्या खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा सायेब. खुर्चीवर बसून होत न्हाई. मी कवा बसलो न्हवतो, तरी झाला."

संस्थेचे मोठे साहेब आधी लाजले, मग हसले, मग बसले. त्यांनी मामांना पहिला प्रश्न विचारला तो वारांचा. महिन्याभरात पैसे आले, आणि या वेळी ते दोन्ही आजारांवर मिळून वापरायची परवानगीही. बुधवार ठरला. रक्त, थुंकी, क्षयरोगाच्या गोळ्या, मी, सगळं एका खोलीत, आणि पुण्याच्या गोळ्याही आपलाच माणूस जाऊन आणायचा. कार्यक्रमाचं नाव आता खुर्चीच्या बुडाखाली, बोटभर. मामा अजून टेम्पो चालवतात. तुम्ही हव्या होतात बघायला, सिस्टर, मला फार वाटतं.

हा किस्सा मी आता नव्या मुलींच्या प्रशिक्षणात सांगते. पोट धरून हसतात. सांगताना तुमच्या शेजारच्या खुर्चीवर मी स्वतःला बसवते, आणि इतक्या वर्षांत मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण पोस्टर लिहिणारी मी, त्या दिवशी दारात चहाचा ट्रे धरून शेवटपर्यंत उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, मग रिकाम्या ट्रेकडे. चहा केव्हाच वाटून झाला होता.