पाचव्या मजल्याचा जिना

१२ ऑगस्ट, मंगळवार
सेक्रेटरी नमिताबाईंचं फर्मान — गणपतीत ‘धूम्रपानमुक्त सोसायटी’वर नाटुकलं हवं. लिहिणार कोण? मी! अख्ख्या सोसायटीत विनोदी लेखक एकच, आणि अट्टल फुंक्याही तोच. खाटकाकडून शाकाहाराचं व्याख्यान. आवडलं आपल्याला.

१४ ऑगस्ट
पाचव्या मजल्याच्या जिन्यात तुळशीदासला पहिला प्रवेश वाचून दाखवला. वीस वर्षं हीच आमची जागा, संध्याकाळी सात. माझ्या दोन संपतात तेव्हा त्याची पहिली अजून बोटांतच. "पेटवतंय रे, तू वाच." असा श्रोता नशिबानेच मिळतो!

नमिताबाईंनी माहितीपत्रक दिलंय — सिगारेटने रक्ताच्या गुठळ्या होतात, पक्षाघाताचा धोका दुप्पट. दुप्पट कशाच्या? शून्याची दुप्पट शून्यच! वाक्य नाटकात टाकलं. तुळशीदास हसला नाही. "मेल्या, सोड रे आता." म्हटलं, आधी तू! जिरवली.

१७ ऑगस्ट
मुख्य भूमिका तुळशीदासलाच. ठोकळा आहे, पण आपला ठोकळा.

२३ ऑगस्ट, शनिवार
तालमीत तुळशीदासची जीभ एकदम जड झाली. ओठ एका बाजूला ओघळला. मला वाटलं, ठोकळ्यातला नट जागा झाला! "झकास! हेच ठेव!" — टाळ्या मीच सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. तो काहीतरी सांगू बघत होता. आम्ही आणखी वाजवल्या.

तेवढ्यात त्याची बायको मथुरा चहा घेऊन आली. किंचाळलीच — "अहो भावोजी, ही ॲक्टिंग नाहीये!" आणि नवऱ्याकडे वळून — "तुम्ही दोन्ही हात वर करा बघू!" त्याचा डावा वर गेलाच नाही.

रिक्षा. हॉस्पिटल. इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." टाळ्यांत गेलेली पाच मिनिटं मी त्यांना सांगितली नाहीत.

२५ ऑगस्ट
हात हलला! मला शिवीसुद्धा दिली — अर्धीच, पण कळली. आता दोघांनी एकदमच सोडायची. ठरलं. मी आजपासूनच बंद. त्याची सोडवायची जबाबदारीही माझी. माझ्यापुढे त्याचं काय चालणार!

२९ ऑगस्ट
मथुरावहिनींना म्हटलं, घरातली त्याची सगळी पाकिटं द्या, फेकतो. त्यांनी एकच आणून दिलं. जुनाट, कडा झिजलेलं. आत एकच सिगारेट, हाताळून मऊ झालेली.

"त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडली, भावोजी. तुम्हाला एकट्याला ओढायला आवडत नाही ना — म्हणून ही बोटांत धरून उभे राहायचे."

रोज सात वाजता. माझ्या धुरात.