उत्कृष्ट शिस्तीची ढाल परत घेण्याबाबत

दि. १९ जानेवारी

प्रति,
मा. संचालक,
'करून पाहा' यंत्रविज्ञान संग्रहालय,
गदग.

विषय : ढाल परत घेणे, प्रवेशद्वारावरील छायाचित्र उतरवणे व त्याच मुलांना पुन्हा भेटीची परवानगी देणे.

संदर्भ : 'उत्कृष्ट शिस्तबद्ध भेट' याबद्दलचे आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

आपल्या पहिल्या दालनातील कमानी पुलाचे लाकडी ठोकळे जवळून पाहिले, तर प्रत्येकाच्या दोन बाजूंचा रंग उडालेला दिसतो. मुले ठोकळा जिथे धरतात, तिथे. माथ्यावर शेवटी बसवायच्या ठोकळ्याच्या तर कडाच गोल झाल्या आहेत. ही झीज अनेक वर्षांच्या हातांची आहे. डिसेंबरमधल्या भेटीत आमच्या मुलांनी तिच्यात काहीही भर घातली नाही. त्याबद्दल आपण आम्हाला ढाल दिलीत. ती परत घ्यावी, यासाठी हा अर्ज.

१. मी होसकेरी येथील सरकारी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते; मुले मला 'अक्कोरे', म्हणजे बाई, म्हणतात. भेटीआधी आठवडाभर मी मुलांकडून मैदानावर सराव करून घेतला होता : एकामागे एक रांग, हात पाठीमागे, तोंड बंद. दरवर्षी आम्ही राजवाडे आणि देवळे पाहायला जातो, तिथे हे चालून जाते. परंतु अजाणतेपणी चूक झाली, असे मला म्हणता येणार नाही. दारावरची 'हात लावा' ही पाटी मी वाचली होती. तेवढ्यात आपले कर्मचारी श्री. कल्लप्पा इतर लोकांना म्हणाले, "बघा, खेड्यातली पोरं, पण रांग कशी दोरीसारखी सरळ!" लोक थांबून पाहू लागले. ती रांग मोडणे माझ्या जिवावर आले.

२. आमची मुले दातेरी चाकांच्या भिंतीसमोरून गेली, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यांत्रिक हातासमोरून गेली. कप्प्यांच्या खुर्चीपाशी रेणव्वा नावाची मुलगी थांबली. या खुर्चीत बसून आपलीच दोरी ओढली की आपण वर जातो, हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवले होते. तिचा हात दोरीपासून वीतभर अंतरावर होता. मी खाकरले. हात परत पाठीमागे गेला. निघताना श्री. कल्लप्पा कौतुकाने म्हणाले, "अक्कोरे, बाकीची पोरं नुसती तुटून पडतात. आज यंत्रांना तेलसुद्धा द्यावं लागलं नाही!" मी त्यांचे आभार मानले.

३. परतीच्या बसमध्ये रेणव्वाने विचारले, "अक्कोरे, तिथं 'हात लावा' लिहिलं होतं. ते कुणासाठी?" मागून इराण्णा म्हणाला, "तुझ्यासाठी नव्हे गं! बूट घालून येणाऱ्या पोरांसाठी असेल." सगळे हसले, रेणव्वाही हसली. माझ्याकडे खरे उत्तर होते. मी सांगितले, "यंत्रं दुरुस्त करायला येतात ना, त्या लोकांसाठी." मुलांनी ते लगेच मानले. मी सांगितलेले ती मानतात.

४. त्यानंतर ढाल आली. आमचे मुख्याध्यापक श्री. हिरेमठ सर यांनी तिला विभूती लावून कार्यालयात सरस्वतीच्या शेजारी ठेवले. ढाल परत करण्याविषयी मी तीनदा बोलायला गेले आणि तिन्ही वेळा हजेरीबद्दल काहीतरी बोलून परतले. चौथ्यांदा विषय काढला, तेव्हा सर म्हणाले, "शाळेला जन्मात पहिल्यांदा काही मिळालं, आणि तुम्ही ते परत द्यायला निघालात? सुख टोचतंय का तुम्हाला?"

५. दरम्यान आपण आमचे छायाचित्र प्रवेशद्वारावर, 'हात लावा' या पाटीच्या बरोबर खाली लावले. छायाचित्रात एकाही मुलाचा हात दिसत नाही. माझेही दिसत नाहीत. आता लोक ते छायाचित्र पाहतात आणि न सांगता हात मागे बांधतात, असे समजले. आमच्या रांगेचा आदर्श घ्यावा, असे परिपत्रक आपण इतर शाळांना पाठवल्यानंतर दोन शाळांचे शिक्षक आमची रांग पाहायला येऊन गेले. त्यांतल्या एका शाळेने आमच्या पुढे मजल मारली : तिची मुले आपल्या दातेरी चाकांना लांबून नमस्कार करून पुढे गेली. गेल्या सोमवारी तर आमच्याच प्रयोगशाळेत मी मुलांसमोर लोहचुंबक ठेवले, तेव्हा सगळ्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. मी "घ्या" म्हणाले. कोणी घेतले नाही. "अक्कोरे परीक्षा घेतायत," असे कोणीतरी कुजबुजले.

६. सोबत ढाल पाठवत आहे. विभूतीचा डाग पुसून निघाला नाही, त्याबद्दल क्षमस्व. रेणव्वाने परतल्यावर काढलेले कप्प्यांच्या खुर्चीचे चित्रही जोडले आहे. कप्प्या सुबक आहेत, परंतु दोरीची दोन्ही टोके तिने खुर्चीलाच बांधली आहेत. ओढायला टोकच ठेवलेले नाही. शिक्षिका म्हणून ही चूक मी तिच्या नावावर लावू शकत नाही.

७. तरी कृपया छायाचित्र उतरवावे, परिपत्रक मागे घ्यावे आणि या मुलांना आणखी एक दिवस द्यावा. मार्चनंतर ती आमची शाळा सोडतील. काही पुढे शिकतील, काही शेंगा फोडायच्या कामाला लागतील. त्या भेटीत आवाज होईल, भांडणे होतील, कमान निदान दोनदा कोसळेल आणि यंत्रांना तेल द्यावे लागेल, याची मी लेखी हमी देते. मी मुलांबरोबर आत येईन, परंतु खाकरणार नाही.

८. ही विनंती मुख्याध्यापकांमार्फत यायला हवी होती. सरांनी अजून सही केलेली नाही, म्हणून ती माझ्या एकटीच्या नावाने येत आहे. मात्र ती त्यांच्यापासून लपवलेली नाही. आज सकाळी प्रार्थना झाल्यावर, सर शेजारी उभे असताना, मी ढाल हातात घेऊन सगळ्या शाळेसमोर उभी राहिले. बोलायचे ते पाठ केले होते, ते आठवले नाही. जे बोलले ते असे : "रेणव्वा, ती पाटी तुझ्यासाठी होती. तुम्हा सगळ्यांसाठी होती. मी खोटं सांगितलं. ही ढाल मी आज परत पाठवतेय, आणि आपण परत जाणार आहोत, हात लावायला."

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
गिरिजा मल्लप्पा बेन्नूर
सहशिक्षिका, होसकेरी