चूल न पेटलेलं घर

९ एप्रिल
शेवटी सिलिंडर शेजारच्या शेवंताकाकूंकडे नेऊन ठेवला. गॅस तसाच जळत ठेवून माय अंगणात जाऊन बसते. आज पदराचा काठ जळाला. तिला पत्ताच नाही. माचिसही काकूंकडे. माझी विडी सुटेल, तेवढंच बरं.

१० एप्रिल
डबा लावून पाहिला होता. या उन्हात दुपारपर्यंत वरण आंबतं, आणि मायला आता आंबलेलं कळत नाही. फ्रिज नाही. असता तरी दार उघडं टाकलं असतं तिनं.
म्हणून न शिजवलेलं, न नासणारं. मोडाचे मूग ओल्या फडक्यात, माठाला टेकवून. भिजवलेले शेंगदाणे, काकडी, केळं, लाई, जवसाची चटणी काकूंची. पन्नाशी आली, आज पहिल्यांदा काकडी सोलली. अर्धी सालीबरोबर गेली.

१३ एप्रिल
राइस मिलच्या काट्यावर मायला उभं केलं. रोज धान मोजतो तोच काटा. ३६ किलो. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, चाळीसचा भरतो.
नागपूरहून ताईचा फोन. "तुले एकट्याले नाही जमत रे मनोहर. महिनाभर पाहून घे. वजन नाही वाढलं तं मी येऊन नेते. इकडं म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा पाहून ठेवली आहे."
जागा म्हणे.

१६ एप्रिल
मिलमधून आलो तर ताट जसंच्या तसं. माय थंड शेगडीपुढे.
"चूल काहून नाही पेटली? कोण मेलं?"
"कोणी नाही मेलं माय."
"मंग लपवून काहून राहिला?"
खरंच आहे तिचं. चूल न पेटणारं घर म्हणजे मयताचं घर. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

१७ एप्रिल
आज पुन्हा तेच. वैतागून बोलून गेलो, बाबा गेले, नऊ वर्षं झाली. तिनं फक्त "गेले" ऐकलं. आजच गेल्यासारखी रडली. पाणीही प्याली नाही. जीभ झडायला हवी होती माझी.

२२ एप्रिल
युक्ती केली. म्हटलं, आज शिळासप्तमी, चूल पेटवत नाहीत.
"उन्हाळ्यात कायची शिळासप्तमी? आन् काल रांधलेलं कुठं आहे?"
पोराचं नाव विसरेल एखादे दिवशी, पण सणाचं शास्त्र पक्कं. हसू आलं. ती नाही हसली. खाल्लं फक्त केळं.

३ मे
लिहावंसं वाटत नाही, पण...
सुट्टी होती. ताट घेऊन गेलो तर म्हणाली, "कोण पाहिजे बाबू?"
मी ताट खाली ठेवलं.
"माहा मनोहर गेला. पाह्य ना, चूल नाही पेटली."
तोंडातून निघालं, "मावशी, शेजारून आणलं आहे. दोन घास खाऊन घ्या."
मयताच्या घरी शेजाऱ्यानं आणलेलं ताट परत करत नाहीत. तिनं खाल्लं. सगळं. मूगसुद्धा, एकेक चावून. वर म्हणाली, "चांगला होता माहा पोरगा. कच्चंबच्चं चारे, पण उपाशी नाही ठेवलं."
विहिरीवर जाऊन रडलो. पुरुषासारखा पुरुष.

८ मे
सकाळ-संध्याकाळ मी शेजारी. दुपारी काकू. काकूंना पटत नाही. "जित्या माणसाले असं मेलेलं म्हणू नये रे, अभद्र असते." पण ताट रिकामं होतं. रोज मरतो मी, रोज मायच्या पोटात दोन घास जातात. चालेल.

१२ मे
काटा: ३८. दोनदा मोजलं.
ताई उद्या येते. वजन दाखवीन. कसं वाढलं ते सांगू का? सांगितलं तर म्हणेल, जो पोरगाच ओळखू येत नाही, त्याच्याजवळ कशाला ठेवायचं.

१३ मे
सकाळी ताट भरत होतो. आतून हाक आली, "मनोहर!"
दहा दिवसांनी. हातातली काकडी टाकून धावलो. चेहऱ्यावरून हात फिरवला माझ्या. "किती वाळला रे," म्हणाली. ताट पुढे केलं.
"कच्चं नाही खात मी. चूल पेटव, मंग जेवू दोघंही."
किती विनवलं. नाहीच.
ताट घेऊन बाहेर ओट्यावर आलो आहे. ताईची गाडी अकराला. आत कोण होऊन जाऊ, ठरत नाही.