मेणबत्तीवर चिकटवलेल्या पिशव्या

हर्नडन, अमेरिका, फेब्रुवारी

प्रिय आई, जयभीम.

आम्ही मजेत आहोत. तुझा जावई रवी सध्या घरीच असतो, नवी नोकरी मिळेलच.

घरामागच्या मेपलच्या झाडाला भोक पाडून नळी लावली, की गोड पाणी ठिबकतं. ते धरायला घरीच प्लास्टिकच्या पिशव्या केल्या. पहिली गळली. मग आठवलं, पापडाची पाकिटं बंद करताना तू कड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीवरून फिरवायचीस, की ती वितळून चिकटायची. तशी दुसरी केली, दोरीने नळीला बांधली. थेंबही सांडला नाही.

पाणी आटवून केलेला पाक नागपूरला येणाऱ्या ओळखीच्या एका काकूंबरोबर पाठवतेय. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझे उपकार मानते, आई. पिशवी भरली का बघायला रवी आता सकाळी आपणहून उठतो.

तुझी मोनाली